बाकी सगळं सारखं धरून

माझ्या डब्यात चारशे बारा दुधाचे दात आहेत.
प्रत्येकाला लिफाफा, लिफाफ्यावर क्रमांक,
नाव लिहायचं नाही असा नियम.
पण हेसल रोडवरचे मी वासानं ओळखते.
वास दाताला नसतो, कागदाला असतो,
ओल आलेल्या भिंतीचा.

गोदीत बोटी उरल्या नाहीत
हे हलच्या वाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही,
तो अजून पहाटेच मासळीच्या गल्ल्यांत शिरतो.
त्याच गल्ल्यांत बावीस वर्षं मी दारं ठोठावते.
वजन, उंची,
मग फुंकर: नळीत मार, जोरात, मेणबत्ती आहे समज.
मग चित्रं दाखवायची आणि शब्द मोजायचे.

कोरी स्टॅदर्स आणि ऑटिली
जुलैतल्या एकाच रात्री जन्मले, एकाच वॉर्डात,
मध्ये एक पडदा.
(ही नावं मी बदलली आहेत. पडदा तोच आहे.)

ऑटिलीचा पहिला दात सफरचंदात अडकून पडला.
उशीखाली परीनं पाच पौंडांची नोट ठेवली,
सोबत चमकीच्या शाईत चिठ्ठी.
कोरीच्या चार दाढा एकदम काढल्या, भूल देऊन,
सात महिने यादीत थांबल्यावर.
त्या सात महिन्यांत शाळा बुडाली एकोणीस दिवस,
शाळेच्या वहीत कारण: इतर.
रात्री तो भिंतीला गाल लावून झोपायचा,
आई म्हणाली, भिंत गार असते ना.

"परी आली का रे?" मी विचारलं.
"हॉस्पिटलात नाही येत ती," तो म्हणाला,
"तिथं पार्किंगला पैसे पडतात."
मी पेन उचललं.
या उत्तराला रकाना नव्हता.

माझ्या आईचे सगळेच दात काढले होते,
एकोणिसाव्या वर्षी, चांगले धडधाकट दात.
लग्नात बापानं दिलेली भेट ती,
पुढे जावयाला खर्च नको.
फोटोत ती हसते आहे
आणि त्या हसण्यात तिचं स्वतःचं काही नाही.

दर नोव्हेंबरात विद्यापीठात बैठक होते, बिस्किटं चांगली असतात.
डॉक्टर हार्ग्रीव्ह पडद्यावर दोन रेषा दाखवतात,
एकाच ठिपक्यातून निघालेल्या.
सात वर्षांपर्यंत मध्ये बोट मावतं,
सोळाव्या वर्षी परीक्षेच्या निकालाला पोचेतो
सगळा हंबर नदीचा पूल.
"बाकी सगळं सारखं धरलं," ते म्हणतात, "तरीसुद्धा..."
भला माणूस आहे. एकदा त्यांचा आवाज बसला होता
याच वाक्यावर.
पण मी मागच्या खुर्चीत बसून विचार करते,
धरलं म्हणजे कुणी धरलं?
कुठल्या हातानं? आणि किती वेळ?

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मुलीनं बोलावलं.
दाढेचा पातळ काप, किडीनं ठेवली तेवढीच दाढ,
काचेखाली झाडाच्या खोडासारखी.
"ही जन्माची रेघ," ती म्हणाली, "सगळ्यांना असते.
पण ही दुसरी बघा, गडद. सहाव्या महिन्याच्या आसपास.
काय झालं असेल तेव्हा?"
क्रमांक मी वाचला.
जुलैपासून बोटांवर मोजलं: जानेवारी.

त्या जानेवारीत मी त्या घरी गेले होते.
गॅसच्या मीटरमध्ये पैसे संपलेले,
चहा नको म्हणायची माझीच घाई,
आणि अंगातला कोट मी काढला नव्हता.
बाळाला उघडं करून तोलायचं असतं, तसं शिकवलंय.
मी केलं नाही.

ते वजन अजून त्यांच्या रेषेत आहे,
कुठल्यातरी ठिपक्यात, आहे त्याहून थोडं जास्त.
माझ्या जुन्या वहीत मात्र पुढे लिहिलंय,
बारीक अक्षरात, पेन्सिलीनं:
स्वेटर, टोपी, दोन घोंगड्यांसह.